टेबलावरचं दुसरं मशीन

तिने खोक्यात हात घातला, तर खोक्यात आधीच कुणाचा तरी हात होता.

"अगं बाई!" म्हणत तिने हात मागे घेतला. समोरच्यानेही घेतला. खोकं तसंच काउंटरवर राहिलं, आणि त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या रॅमच्या चार हिरव्या पट्ट्या.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला.

"छे छे, तुम्हीच घ्या. तुमचा हात आधी होता."

"बरं." असं म्हणून त्याने खरोखरच चारही पट्ट्या उचलल्या.

ती बघतच राहिली. एवढं लगेच कुणी ऐकतं का? "अहो... तसं म्हणायची पद्धत असते."

"मग मीसुद्धा पद्धत म्हणूनच म्हणालो होतो," तो म्हणाला. पण पट्ट्या काही खाली ठेवल्या नाहीत. उंच, किंचित वाकून उभा राहणारा, आणि ओठांच्या एकाच कोपऱ्यातून हसणारा. तिला त्या कोपऱ्याचा भयंकर राग आला.

दुकानवाले काका चष्मा कपाळावर सरकवून दोघांकडे पाहत होते. जुन्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट बोळकांडीच. दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. "भांडू नका," ते म्हणाले. "या पट्ट्या साध्या कॉम्प्युटरला बसतच नाहीत. त्या जुन्या, काळ्या, हत्तीएवढ्या वर्कस्टेशनलाच लागतात. तसलं धूड अजून सांभाळणारे दोनच वेडे मला माहीत आहेत, आणि दोघं आज एकाच वेळी आलेत."

ती ॲनिमेटर होती. ज्या स्टुडिओत नोकरी करायची तो बंद पडला, तेव्हा तिने तिथलं आपलं मशीन विकत घेऊन घरी आणलं. नोकरीत इतरांची पात्रं हलवून झाली होती. आता स्वतःची फिल्म करायची होती. पाण्याला घाबरणाऱ्या एका बगळ्याची. फिल्म महोत्सवाला पाठवायची मुदत जवळ येत चालली होती आणि मशीन एकेका चित्रापाशी धाप लागल्यासारखं थांबत होतं. तो नकाशे बनवायचा. विमानातून काढलेले हजारो फोटो जोडून डोंगर, नद्या, गावं उभी करायचा. त्याचं मशीनही एका बंद पडलेल्या कार्यालयातून आलेलं, अगदी तेच मॉडेल.

"तुमची रॅम भरते का?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"काम चालू असताना बघितलंत कधी, किती भरते ते?"

"मशीन अडकतं. म्हणजे भरतच असेल."

"असेल म्हणजे?"

"तुम्ही तुमची बघितलीत वाटतं?"

"बघितली. काठोकाठ भरते. शिवाय दुपारच्या वेळी मशीन आपोआप बंदही पडतं."

"बंद पडायच्या आधी पंखा शिट्टीसारखा वाजतो?" तिने विचारलं.

त्याच्या ओठांचा तो कोपरा खाली आला. "तुम्हाला कसं कळलं?"

"स्टुडिओत अशी मशीनं मीच उघडायचे. ते रॅमचं दुखणं नाही. आत धूळ साठलीय, नाहीतर प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडखडीत झालीय. मशीन तापतं, म्हणून जीव वाचवायला स्वतःच बंद होतं."

काकांनी शांतपणे त्याच्या हातातून पट्ट्या काढून घेतल्या. "दोघंही घरी जा. आपापलं मशीन तपासा. ज्याला खरी गरज असेल त्याने न्याव्यात. आणि एकमेकांना फोन करा, मला नको."

अशा रीतीने, कुणी न मागताच, दोघांकडे एकमेकांचे नंबर आले.

घरी आल्या आल्या तिने बगळ्याचं एक दृश्य चालू केलं आणि शेजारी मशीनची हालचाल दाखवणारी खिडकी उघडली. रॅम जेमतेम अर्धी भरली होती. प्रोसेसर मात्र पार घायकुतीला आला होता. बगळ्याचं एकेक पीस तो बिचारा एकटा मोजत बसला होता. म्हणजे त्या उंच माणसाचा प्रश्न बरोबर होता...

"कुणाचा राग आलाय?" आईने दारातून विचारलं.

"कुणाचाही नाही."

"मग त्या कीबोर्डला का बडवतेस?"

तिने संदेश पाठवला, 'रॅम तुम्ही न्या. पद्धत म्हणून नाही, खरंच.'

उत्तर म्हणून फोटो आला. उघडलेलं मशीन आणि त्यासमोर वर्तमानपत्रावर काढून ठेवलेला धुळीचा करडा, लोकरीसारखा गोळा. खाली लिहिलं होतं, 'आतून आख्खी मांजर निघाली. शिट्टी बंद. तुमचे उपकार कसे फेडू?'

ती एकटीच खोलीत खळखळून हसली. आईने पुन्हा डोकावून पाहिलं, पण या वेळी काही विचारलं नाही.

उपकार फेडण्यासाठी त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला. "तुमचं मशीन बाजूने उघडा. मोठ्या पंख्याच्या शेजारी प्लॅस्टिकचं झाकण लावलेली एक चौकोनी जागा दिसतेय?"

"दिसतेय."

"ते दुसरं सॉकेट. तुमच्यात एकच प्रोसेसर आहे, जागा दोघांची आहे. दुसरा बसवलात की तुमचा बगळा दुप्पट वेगाने चालेल. फक्त तो अगदी पहिल्यासारखाच मिळायला हवा. तेच मॉडेल, तोच वेग. नाहीतर दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत."

"फारच नखरे आहेत."

"नखरे कसले? आयुष्यभर शेजारी बसायचं म्हणजे पारखून घ्यावंच लागतं..."

तिने प्लॅस्टिकचं झाकण उगाचच काढून पुन्हा लावलं. मग दोघं एकदमच म्हणाले, "काकांकडे बघूया का?"

काकांकडे तसला प्रोसेसर नव्हता. त्यांनी तिला रंगीबेरंगी दिवे लुकलुकणारं एक दणकट ग्राफिक कार्ड दाखवलं. "हे लावा, मशीन नवरीसारखं दिसेल."

"दिसेल, पण उठणार नाही," ती म्हणाली. "एवढं कार्ड ओढायला माझा पॉवर सप्लाय पुरायचा नाही. आणि माझी पिसं मोजायचं काम प्रोसेसर करतो, कार्ड नाही."

"शिकली हो," तो हळूच पुटपुटला.

"मला आधीपासून येत होतं, नकाशेसाहेब."

हे नाव तिने तिथल्या तिथे ठेवलं, आणि ते त्याला चिकटलंच. तिच्या बाबांना तर ते त्याचं खरं आडनाव वाटलं. काकांनी खटपट करून प्रोसेसर मिळवला आणि बसवायला मदत म्हणून नकाशेसाहेब रविवारी तिच्या घरी आला, तेव्हा बाबांनी अगत्याने विचारलं, "या, नकाशे! चहा घेणार की कॉफी?" तिने डोळ्यांनी गयावया केली. तो गंभीरपणे म्हणाला, "नकाशे चहा घेतात."

त्याने खिशातून रॅमच्या दोन पट्ट्या काढून तिच्यापुढे ठेवल्या.

"या तर तुमच्या."

"दुसऱ्या प्रोसेसरला त्याची स्वतःची रॅम लागते, त्याच्याच शेजारी. हे मला आधी सुचायला हवं होतं. मला दोन पुरतात." मग थोडं थांबून, "म्हणजे... पुरवून घेतो."

मशीन जेवणाच्या टेबलावर आडवं ठेवलं. "मी बसवणार," ती म्हणाली. "माझं मशीन आहे." त्याने मान डोलावली आणि टॉर्च धरला. झाकण निघालं. आत केसासारख्या बारीक, सोनेरी पिनांची दाट शेती चमकली. तिने प्रोसेसर दोन बोटांत कडेने पकडला, श्वास रोखला, हात खाली नेऊ लागली... आणि तो म्हणाला, "तुमच्या नाकाला पेस्ट लागलीय."

तिला हसू फुटलं. बोट सटकलं. प्रोसेसर तिरका होऊन पिनांवर पडला.

"अरे, बघ ना काय झालं!" ती ओरडली.

टॉर्च जवळ आला. कोपऱ्यातल्या पिना वाऱ्याने झोपवलेल्या गवतासारख्या आडव्या झाल्या होत्या. त्यांनी प्रोसेसर काढून घेतला, झाकण लावलं, पहिल्यासारखं सगळं करून बटण दाबलं. मशीन उठलं नाही. पुन्हा दाबलं. नाहीच.

ती खुर्चीवर बसली. रडली नाही, फक्त टेबलाकडे बघत राहिली. "फिल्म पाठवायची मुदत संपत आलीय," ती म्हणाली. "एवढं करून... माझ्याच हातून."

"तू एकटी नव्हतीस," तो म्हणाला. "मी तोंड उघडलं नसतं तर..."

तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं, की आपण 'तू' म्हणायला लागलोय. आणि आता मागे फिरायला दोघांनाही जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भुरभुर पाऊस लागला होता. बेल वाजली. तिने दार उघडलं तर तो जिन्यात उभा, केसांवरून पाणी निथळतंय, शर्ट अंगाला चिकटलेला. त्याच्या हातातल्या मशीनने मात्र रेनकोट घातला होता. टोपीसकट, गळ्यापर्यंत बटणं लावून.

"हे काय?"

"माझं मशीन. दोन्ही प्रोसेसर आहेत यात. तुझी डिस्क काढून यात लाव. मॉडेल एकच आहे, तुझी डिस्क आपल्याच घरी आल्यासारखी चालू होईल."

"आणि तुझे नकाशे?"

"माझी डिस्क सकाळी, तुझी दुपारपासून. मी इथे येऊन काम करीन. चालेल ना? म्हणजे... घरच्यांना?"

"आधी तू आत ये," ती म्हणाली. टॉवेल आणायला वळताना तिला कपाट कुठे आहे तेच क्षणभर आठवेना.

आणि मग त्या खोलीत एक नवीनच वेळापत्रक सुरू झालं. सकाळी तो यायचा, आपली डिस्क लावायचा, नद्यांना वळणं द्यायचा. ती पलीकडे बसून कागदावर बगळ्याचे पाय काढायची. नजरा चुकून एकमेकींवर आपटल्या की दोघंही घाईघाईने कामाला लागायची. दुपारी अदलाबदल. तो उठायचा, ती बसायची. खुर्ची अजून उबदार असायची. तो लगेच निघायचा नाही. तिचं बंद पडलेलं मशीन खिडकीशी घेऊन बसायचा. आईने आपली सगळ्यांत बारीक सुई दिली होती, बाबांनी वाचायचं भिंग. एकेक पिन सुईच्या टोकाने उभी करायची, श्वासही न लागू देता. ती पाठमोरी बसून काम करायची आणि त्याची ती शांतता ऐकत राहायची.

"किती झाल्या?" ती न वळताच विचारायची.

"आज एकच. पण काय ऐटीत उभी राहिलीय!"

एकदा त्याने तिचा बगळा पाहिला. बगळा पाण्याच्या काठाशी येतो, एक पाय उचलतो, परत ठेवतो. कपाळाला आठ्या घालून त्याने तेवढंच दृश्य पुन्हा लावलं.

"आवडलं नाही?"

"तसं नाही," तो म्हणाला. "बिचाऱ्याला जायचं तर आहे... हो ना?"

तिला एकदम त्याच्याकडे बघवेना.

फिल्म मुदतीच्या आधी गेली. 'मिळाली' असं महोत्सवाचं उत्तर आलं तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या, आईने तिला जवळ घेतलं, आणि तो दाराशी उभा राहून नुसता हसला. या वेळी ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांनी. त्याच आठवड्यात शेवटची पिन उभी राहिली. नवा प्रोसेसर बसला, रॅम बसली, बटण दाबलं आणि तिचं मशीन घुर्रकन जागं झालं.

"चालू झालं!" ती म्हणाली.

"हो. झालं," तो म्हणाला.

दोघंही मशीनकडे असं पाहत राहिली, जणू घरात वाईट बातमी आलीय.

त्याचं मशीन तसंच तिच्या टेबलावर होतं, ते न्यायचा विषय कुणीच काढत नव्हतं; पण हातातले नकाशे संपल्यामुळे आता त्याला येण्याचं कारण उरलं नव्हतं. म्हणून ती कारणं शोधू लागली. डिस्क हळू वाटतेय. मग दोघं काकांकडे जाऊन नवी, वेगवान डिस्क घेऊन आली. कार्ड जुनं झालंय. मग पॉवर सप्लायला झेपेल असं बेताचं कार्ड शोधण्यात एक अख्खी दुपार छान गेली. शेवटी काहीच सुचेना, तेव्हा तिने मागच्या पंख्याचा स्क्रू स्वतःच सैल केला आणि 'खडखड वाजतंय' असं कळवलं. तो आला. त्याने तो स्क्रू पाहिला, घट्ट केला. आणि जाताना जिन्यात शीळ घालत गेला.

पण पुढच्या वेळी आला तो वेगळाच चेहरा घेऊन. समुद्राकडच्या खाडीच्या प्रदेशाचं मोजमाप करायचं काम त्याला मिळालं होतं. नद्या दर वर्षी वाट बदलतात तिथला पहिला नीट नकाशा. निदान सहा महिने तिकडेच राहायचं. मशीन तिकडे मिळणार होतं.

"तुला हेच करायचं होतं ना?" तिने विचारलं.

"हो. कधीपासून."

"मग जा की! छानच झालं," ती म्हणाली. आवाज बरोबर लागला. फक्त हातातला कप तिने बशीच्या बाहेर ठेवला.

जायच्या आदल्या दिवशी तो आपलं मशीन न्यायला आला. भावाकडे ठेवणार होता. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि मशीन एकट्याने उतरवण्यासारखं नव्हतं. आणताना कसं आणलं होतं देव जाणे! एका बाजूने त्याने धरलं, दुसऱ्या बाजूने तिने. आई दाराशी उभी राहून म्हणाली, "सांभाळून," आणि नेमकं कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

एक मजला उतरून ती वळणावर थांबली. "खाली ठेव."

"दमलीस?"

"नाही. बोलायचंय. दोन्ही हात अडकले की मला बोलता येत नाही."

मशीन वळणावरच्या चौकोनात ठेवलं. तो पायरीवर बसला. ती उभीच राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"भावाकडे कुठे ठेवणार?"

"माळ्यावर."

"माळ्यावर धूळ असते."

"वरून चादर घालतील."

"चादर घातली की आत दमटपणा धरतो. सहा महिन्यांत वाट लागेल."

"मग काय करू?"

"इथे ठेव ना... माझ्याकडे. मी अधूनमधून चालू करीन. पुसत जाईन."

"माझ्या मशीनची एवढी काळजी?"

"मशीनची कुणाला पडलीय!"

ते इतक्या मोठ्याने निघालं, की जिन्यातून घुमून परत तिच्याच कानावर आलं. तिने जीभ चावली. तो उठून उभा राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"मला आधीच सांगायचं होतं," तो म्हणाला. शब्द एकेक करून, सुईच्या टोकाने उचलावेत तसे. "पण तुझं काम माझ्या मशीनवर अडलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर... तुला 'नाही' म्हणणं अवघड झालं असतं. मला तसं तुझ्याकडून काही नको होतं. म्हणून म्हटलं, फिल्म जाऊ दे. मग मशीन दुरुस्त होऊ दे. मग हे काम आलं, आणि तू म्हणालीस, छानच झालं."

"तू कधीपासून ज्याची वाट बघत होतास, त्याला 'जाऊ नको' कसं म्हणणार होते मी?" तिचे डोळे भरून आले. "आणि अजूनही म्हणणार नाही. तू जा. मनासारखं काम कर. फक्त परत येशील तेव्हा... भावाकडे नको जाऊस. इथे ये."

तो हसला. "नकाशावाला आहे ना मी. सगळं लांबून बघायची सवय..."

"मग आता जवळून बघ."

तो एक पाऊल पुढे आला. मध्ये मशीन होतं. त्याच्यावरून त्याने हात पुढे केला आणि तिने तो धरला. सुई धरून धरून बोटाच्या टोकाला पडलेला घट्टा तिच्या अंगठ्याला लागला.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "आता अगदी सरळ सांगतोय. आणि मी तुला?"

"ते सगळं जिन्यात वदवून घेणार आहेस?"

"हो."

तिने वर बघितलं, खाली बघितलं. मग मशीनवरून वाकून, टाचा उंचावून, त्याच्या कानाशी जाऊन, सांगितलं. थोडंच सांगायचं होतं, पण सांगायला बराच वेळ लागला. खालून पिशव्या घेऊन चढणाऱ्या शेजारीणबाई खोकल्या तेव्हा कुठे दोघं बाजूला झाली.

"अडचण होतेय हो सगळ्यांना," बाई म्हणाल्या आणि मशीनला वळसा घालून, हसू दाबत वर गेल्या.

त्याने डोळे पुसले, मशीनची एक बाजू धरली. तिने दुसरी.

"वर की खाली?" त्याने विचारलं.

"वर."

चढताना ते उतरतानापेक्षा जास्तच जड लागलं. दोघं दर दोन पायऱ्यांवर थांबत होती आणि उगाचच हसत होती. आई अजून दारातच उभी होती. तिने मशीनकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग त्याच्या लाल कानांकडे. बाजूला होत तिने आत हाक मारली, "अहो, ते टेबल जरा भिंतीकडे सरकवा. पोरं परत आली."